मॅच केलेल्या केस-कंट्रोलचं विश्लेषण: सिनॉप्सिसपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत

बडोद्यातल्या मेडिकल रेसिडेंटांचे मास्टर चार्ट (अभ्यासाची सगळी माहिती भरलेली एक्सेल फाइल) बघताना एक गोष्ट हमखास आढळते. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आधी लिहिलेल्या आराखड्यात, लिहिलेलं असतं, ‘वय, लिंग आणि राहण्याचा भाग जुळवून प्रत्येक केसला एक कंट्रोल घेतला जाईल.’ (केस म्हणजे आजार झालेला माणूस, कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी घेतलेला, तो आजार नसलेला.) कंट्रोल शोधायला कारेलीबाग ते मांजलपूर फिरून चपला झिजवलेल्या असतात. निकालात मात्र साधा काय-स्क्वेअर, फार तर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे जोड्या न बघणाऱ्या पद्धती. कोण कोणाचा कंट्रोल होता, हे एक्सेलमध्ये कुठेच नसतं.

त्याने काय बिघडतं ते आकड्यांतच बघा. सरावासाठी घेतलेले हे आकडे आहेत, कुठल्या खऱ्या अभ्यासातले नाहीत. टायफॉइडच्या १०० केस आणि प्रत्येकीला एक कंट्रोल. प्रश्न असा, की आजारापूर्वी लारीवरचं (हातगाडीवरचं) पाणी किंवा बर्फ घेतला होता का?

– केस आणि कंट्रोल, दोघांनीही घेतला: २५ जोड्या
– फक्त केसने घेतला: ३० जोड्या
– फक्त कंट्रोलने घेतला: १० जोड्या
– दोघांनीही नाही: ३५ जोड्या

जोड्या मोडून साधा दोन-बाय-दोन तक्ता केला तर ऑड्स रेशो (घेतलेल्यांचं न घेतलेल्यांशी प्रमाण केसमध्ये कंट्रोलच्या किती पट, ते) २.२७ येतो. जोड्या राखून ३० भागिले १०, म्हणजे ३ येतो. आणि कुणी ‘जोडी तर मॉडेलमध्ये घ्यायलाच हवी’ म्हणून साध्या लॉजिस्टिकमध्ये प्रत्येक जोडीचा वेगळा डमी (१ किंवा ० असलेला कॉलम) घातला, तर ९ येतो. डेटा तोच आणि उत्तरं तीन. बरोबर आहे ते मधलं. तिथवर पोचायचं तर सुरुवात सॉफ्टवेअरपासून करून चालत नाही.

टप्पा १. तुमचं मॅचिंग नक्की कोणतं?

एका केसला शोधून तिचाच कंट्रोल नेमला असेल, तर ते व्यक्तिगत मॅचिंग. केसगटात ६० टक्के पुरुष आहेत म्हणून कंट्रोलगटातही ६० टक्के पुरुष घेतले, वयोगटांचंही तसंच केलं, तर ते फ्रिक्वेन्सी मॅचिंग. दुसऱ्या प्रकारात जोड्या नसतातच. तिथे साधं लॉजिस्टिक रिग्रेशन वापरायचं आणि वय, लिंग ही मॅच केलेली चलं (व्हेरिएबल) मॉडेलमध्ये ठेवायचीच. ‘मॅच केलंय, आता कशाला’ म्हणून ती काढून टाकू नका.

इशारा: गोळा करताना फ्रिक्वेन्सी मॅचिंग आणि नंतर खोलीत बसून एक्सेलमध्ये वय बघून जोड्या लावणं, हा प्रकार सर्रास चालतो. अशा जोड्यांना अर्थ नसतो. यादी दुसऱ्या क्रमाने लावली की जोड्या बदलतात आणि उत्तरही बदलतं.

वय आणि लिंग एवढंच ढोबळ जुळवलेलं असेल, तर व्यक्तिगत जोड्या मोडून साधं मॉडेल लावणंही सांख्यिकीच्या दृष्टीने चुकीचं नाही. अट एवढीच, की वय आणि लिंग मॉडेलमध्ये नीट घातलेलं हवं. पण शेजार, कुटुंब, दवाखान्यात आल्याची तारीख अशा गोष्टी जुळवल्या असतील, तर त्या चार-दोन कॉलमांत पकडता येत नाहीत. तिथे कंडिशनल लॉजिस्टिकला, म्हणजे केसची तुलना तिच्याच जोडीतल्या कंट्रोलशी करणाऱ्या पद्धतीला, पर्याय नाही. काय करणार ते आधी ठरवा आणि सिनॉप्सिसमध्ये तसं लिहा.

टप्पा २. कशावर जुळवायचं आणि कशावर नाही

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि मागाहून ते भरून काढता येत नाही.

जे चल जुळवलं, त्याचा परिणाम पुन्हा मोजता येत नाही. लिंग जुळवलं की ‘पुरुषांना धोका जास्त का?’ हा प्रश्न अभ्यासातून गेला. (लारीच्या पाण्याचा परिणाम पुरुषांत आणि बायकांत वेगळा आहे का, हे मात्र इंटरॅक्शन घालून तपासता येतं.) म्हणून ज्या गोष्टीबद्दल निष्कर्ष काढायचाय, ती जुळवू नका.

हे सगळ्यांना पटतं. फसगत होते ती आडवाटेने. समजा, घरच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत हा तुमचा मुख्य प्रश्न आहे: पालिकेचा नळ, बोअर, टँकर की जार. आणि सोय म्हणून कंट्रोल घेतला केसच्याच सोसायटीतला. एका सोसायटीत सगळ्यांकडे एकच बोअर किंवा एकाच लाइनचा नळ. जवळपास प्रत्येक जोडीत दोघांचं उत्तर सारखं येणार. अशा जोड्या हिशोबात काहीच बोलत नाहीत, वर दिलेल्या २५ आणि ३५ सारख्या त्या बाजूला पडतात. १५० जोड्या गोळा करून कामाला येणाऱ्या जेमतेम आठ-दहा उरतात. हे ओव्हरमॅचिंग.

त्याच सोसायटीतला कंट्रोल लारीच्या पाण्याच्या प्रश्नाला मात्र चालतो, कारण लारीवर कोण जातं आणि कोण नाही हे एका मजल्यावरही बदलतं. म्हणजे मॅचिंग चांगलं की वाईट, हे मुख्य प्रश्न काय आहे त्यावर ठरतं.

दुसरी गफलत कंट्रोल कुठून आणले त्यात असते. सयाजी हॉस्पिटलसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात छोटा उदेपूर, पंचमहाल, अगदी मध्य प्रदेशातल्या आलिराजपूरहूनही रुग्ण येतात. केस तिकडची आणि कंट्रोल दांडिया बाजारातला, असं झालं की लारी, पाणी, शौचालय, सगळंच वेगळं निघतं आणि त्याचा आजाराशी संबंध असेलच असं नाही. ज्या वस्तीतला माणूस टायफॉइड झाला असता तर तुमच्याकडेच आला असता, त्या वस्तीतलाच कंट्रोल हवा. पोटाच्या तक्रारी घेऊन आलेला ओपीडीचा रुग्ण तर या अभ्यासात कंट्रोल म्हणून नकोच, कारण त्याच्या तक्रारीचंही कारण तेच पाणी असू शकतं.

केसची व्याख्याही इथेच घट्ट करा. रक्ताच्या कल्चरवर ठरलेली केस वेगळी आणि एकट्या विडालवर (अँटीबॉडी बघणाऱ्या रक्तचाचणीवर) ठरलेली वेगळी. विडालवर केस घेतल्या, तर टायफॉइड नसलेले लोक केसमध्ये शिरतात आणि ऑड्स रेशो एककडे, म्हणजे ‘संबंध नाही’कडे, सरकतो.

तपासणी: मुख्य प्रश्न एका ओळीत लिहा. त्याखाली मॅचिंगची चलं लिहा. प्रत्येकासमोर विचारा, ‘हे जुळवल्यावर केस आणि कंट्रोलचं मुख्य प्रश्नाचं उत्तर आपोआप सारखं येईल का?’ ‘हो’ आलं की ते चल यादीतून काढा.

टप्पा ३. किती जोड्या लागतील

साध्या केस-कंट्रोलचं सूत्र इथे चालत नाही. मोजायच्या त्या विसंगत जोड्या, म्हणजे जिथे केस आणि कंट्रोलची उत्तरं वेगळी आहेत त्या.

ऑड्स रेशो २ पकडायचा असेल, पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) ८० टक्के आणि अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) ५ टक्के, तर सुमारे ६९ विसंगत जोड्या लागतात. ऑड्स रेशो ३ साठी सुमारे २९. आता पायलटवरून अंदाज करा की शंभरात किती जोड्या विसंगत येतील. वरच्या उदाहरणात ४० टक्के आहेत. ६९ भागिले ०.४, म्हणजे १७३ जोड्या. प्रमाण २० टक्के असेल तर थेट ३४५. हा आकडा बघून गाइडचा चेहरा उतरतो, पण तो सिनॉप्सिसच्या वेळी उतरलेला बरा.

केस कमी मिळत असतील तर एका केसला दोन, तीन किंवा चार कंट्रोल घ्या. अमर्याद कंट्रोल मिळाले असते तर जी कार्यक्षमता आली असती, तिच्या तुलनेत एका कंट्रोलला ५० टक्के मिळते, दोघांना ६७, तिघांना ७५, चौघांना ८०. पाचव्याला ८३. चारच्या पुढची पायपीट बहुतेक वेळा परवडत नाही.

टप्पा ४. कंट्रोलला नेमकं कोणत्या दिवसांबद्दल विचारायचं

हा टप्पा बहुतेक प्रोटोकॉलांत नसतोच.

टायफॉइडचा उष्मायन काळ (जंतू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंतचा) साधारण ६ ते ३० दिवसांचा. केसला १० ऑक्टोबर २०२५ ला ताप सुरू झाला असेल, तर विचारायचे दिवस १० सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर. नवरात्र त्या वर्षी २२ सप्टेंबरला बसलं आणि दसरा २ ऑक्टोबरला होता. म्हणजे गरब्याच्या सगळ्या रात्री या खिडकीत येतात, आणि गरबा सुटल्यावर बारा-एक वाजता लारीवर गर्दी किती असते हे बडोदेकरांना सांगायला नको.

आता कंट्रोल सापडला नोव्हेंबरच्या मध्यावर, आणि त्याला विचारलं, ‘गेल्या महिन्याभरात लारीवर काही खाल्लं-प्यायलं का?’ त्याच्या महिन्यात दिवाळी. लाभपंचमीपर्यंत कितीतरी लाऱ्या बंद, घरात फराळाचे डबे. केस सांगते गरब्याच्या रात्रींबद्दल, कंट्रोल सांगतो भाऊबीजेबद्दल. ऑड्स रेशो फुगणार, आणि कुठलंही रिग्रेशन तो खाली आणू शकणार नाही.

म्हणून प्रत्येक जोडीला केसच्या तापाची तारीख ही संदर्भ तारीख. कंट्रोललाही त्याच तारखेवरून मागे मोजून विचारायचं, आणि आकड्यातल्या तारखांपेक्षा सणांच्या खुणांनी: ‘गणपती विसर्जनानंतर चार दिवसांपासून ते दसऱ्यानंतर दोन दिवसांपर्यंत.’ असं विचारलं की माणसाला आठवतं. एका जोडीच्या दोघांची मुलाखत शक्यतो एकानेच घ्यावी, आणि केस मिळाल्यापासून आठवड्या-दोन आठवड्यांत कंट्रोल गाठावा.

तपासणी: फॉर्मच्या माथ्यावर ‘जोडी क्रमांक’ आणि ‘संदर्भ तारीख’ या दोन चौकटी आहेत का? नसतील तर फॉर्म छापायला देऊ नका.

टप्पा ५. मास्टर चार्ट

एक माणूस, एक ओळ. केस आणि कंट्रोल शेजारी-शेजारी एकाच ओळीत भरायची सवय सोडा, मॉडेलला ते चालत नाही. किमान कॉलम एवढे: व्यक्ती क्रमांक, जोडी क्रमांक, केस (केसला १, कंट्रोलला ०), संदर्भ तारीख, मुलाखतीची तारीख, मग बाकीचं.

जोडी क्रमांक साधा आकडा ठेवा: १, २, ३. ‘१अ’ आणि ‘१ब’ लिहिलं तर सॉफ्टवेअरला त्या दोन वेगळ्या जोड्या वाटतात.

केसला १ आणि कंट्रोलला २ देऊ नका. आर हे सॉफ्टवेअर ते उलटं वाचतं, कंट्रोललाच केस धरतं, आणि ३ च्या जागी ०.३३ दिसतं. मग लारीचं पाणी टायफॉइडपासून संरक्षण देतं असा शोध लागतो. स्टाटा हे दुसरं सॉफ्टवेअर शून्य नसलेलं सगळं ‘हो’ धरतं आणि सगळ्या जोड्या गाळून मोकळं होतं.

फॉर्म गुजरातीत असेल तर उत्तरं शब्दांत टंकू नका. ‘हा’, ‘हां’, मागे एक जास्तीची स्पेस, अशी तीन-चार रूपं होतात. भरतानाच १ आणि ० घाला. ‘आठवत नाही’ला ९ दिलं असेल, तर विश्लेषणापूर्वी ते रिकामं करा.

इशारा: एक्सेलमध्ये एकच कॉलम निवडून सॉर्ट केलं की जोड्या कायमच्या विस्कटतात आणि पडद्यावर काही चुकल्यासारखं दिसतही नाही. मूळ फाइल लॉक करा आणि काम प्रतीवर करा.

तपासणी: पिव्हट टेबल काढा. प्रत्येक जोडी क्रमांकात केस नेमकी एक आणि कंट्रोल ठरल्याइतके दिसायला हवेत. एकच व्यक्ती क्रमांक दोनदा आला असेल तर फॉर्म काढून बघा.

टप्पा ६. कॅटेगरी आणि रिकाम्या जागा

पाण्याचे चार स्रोत १, २, ३, ४ असे भरले असतील, तर सॉफ्टवेअरला स्पष्ट सांगावं लागतं की ही नावं आहेत, आकडे नाहीत. नाही सांगितलं, तर नळापासून जारपर्यंत धोका एकेका पायरीने वाढतो असं ते समजतं. संदर्भ कॅटेगरी म्हणून पुरेशी माणसं असलेली आणि तुलनेला अर्थ असलेली घ्या. इथे नळ. तीन माणसं असलेला टँकर घेतला तर सगळेच कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरं उत्तर ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असावं ती मर्यादा) रुंदावतात.

कुप्पुस्वामी वर्गासारखी (सामाजिक-आर्थिक स्तरासारखी) क्रमवार कॅटेगरी आधी पाच वेगळ्या नावांनी घालून बघा. पायऱ्या खरंच सारख्या वाटल्या तरच एकच आकडा म्हणून घाला. कॅटेगरी एकत्र करायच्या त्या अर्थावरून. पी व्हॅल्यू बघून केल्या की परीक्षकाच्या लक्षात येतंच.

रिकाम्या जागांचा हिशोब इथे महाग पडतो. एकास एक जोडीत एकाची माहिती गेली की अख्खी जोडी गेली. एकास तीनमध्ये एक कंट्रोल गेला तर चालतं, केसची गेली तर चौघंही जातात.

टप्पा ७. मॉडेलच्या आधी हाताने एकदा

मुख्य प्रश्नासाठी वरच्यासारखा जोड्यांचा तक्ता बनवा आणि वहीत हिशोब करा. ऑड्स रेशो ३० भागिले १०, म्हणजे ३. मॅकनेमार (जोड्यांसाठीची काय-स्क्वेअर चाचणी): दोन्ही विसंगत आकड्यांच्या फरकाचा वर्ग भागिले त्यांची बेरीज, ४०० भागिले ४०, म्हणजे १०. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल: ३ च्या नैसर्गिक लॉगमध्ये १.९६ गुणिले (१/३० + १/१० याचं वर्गमूळ) मिळवा आणि वजा करा, मग उलट फिरवा. येतं १.४७ ते ६.१४.

हा कागद जपून ठेवा, पुढच्या टप्प्यात लागेल.

टप्पा ८. मॉडेल चालवणं

पहिल्यांदा फक्त मुख्य चल घालून चालवा. ऑड्स रेशो नेमका ३ यायला हवा. २.२७ आला तर जोडी क्रमांक मॉडेलपर्यंत पोचलाच नाही. ९ आला तर जोडीचे डमी साध्या लॉजिस्टिकमध्ये गेले. ०.३३ आला तर कोडिंग उलटं आहे. यातलं काहीही दिसलं तर पुढे जाऊ नका.

आरमध्ये सर्व्हायव्हल पॅकेजातलं क्लॉजिट वापरा, जोडी क्रमांक स्ट्राटाच्या कंसात द्या. स्टाटातही हुकूम क्लॉजिटच, जोडी क्रमांक ग्रुप या पर्यायात.

एसपीएसएसमध्ये यासाठी सरळ मेनू नाही. तिथे कॉक्स रिग्रेशन वापरतात: सगळ्यांसाठी १ असलेला ‘वेळ’ नावाचा नवा कॉलम, स्टेटसमध्ये केसचा कॉलम (घटना म्हणजे १), आणि स्ट्राटात जोडी क्रमांक. एका जोडीत केस एकच असेल तोवर हे उत्तर कंडिशनल लॉजिस्टिकचंच असतं. ‘वेळ’ म्हणून केसचाच कॉलम दिला, तर कंट्रोलना शून्य वेळ मिळते आणि ते घटनेआधीच बाहेर पडतात. आउटपुटच्या पहिल्या तक्त्यात, पहिल्या घटनेआधी सेन्सॉर होऊन गळलेल्यांची एक ओळ असते. तिथे शून्यच दिसायला हवं.

मग बाकीची चलं घाला. कोणती, हे आजाराच्या कारणांचा विचार करून आधी ठरवलेलं हवं. स्टेपवाइजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप चलं निवडण्याच्या, हाती सोपवू नका. चाळीस विसंगत जोड्यांवर बारा चलं लादली तर मॉडेल डगमगतं. दर दहा विसंगत जोड्यांमागे एक, हा ढोबळ अंदाज धरा, आणि चार प्रकारच्या पाण्याची तीन चलं मोजा.

जुळवलेलं लिंग मॉडेलमध्ये घातलं तर त्याच्या जागी काहीच येत नाही, जोडीत ते बदलतच नाही. वय पाच वर्षांच्या फरकाने जुळवलं असेल तर घालता येतं आणि उरलेला फरक सावरायला घालावंही. पण त्याचा जो आकडा येईल तो ‘वयाचा परिणाम’ म्हणून लिहू नका.

इशारा: ऑड्स रेशो कोटींत किंवा इंटर्व्हल शून्य ते अनंत दिसला, तर त्या कॅटेगरीत सगळ्या विसंगत जोड्या एकाच बाजूच्या आहेत. कॅटेगरी अर्थानुसार एकत्र करा, किंवा एक्झॅक्ट पद्धत वापरा.

टप्पा ९. आउटपुटमध्ये काय शोधायचं नाही

इंटरसेप्ट (मॉडेलचा सुरुवातीचा स्थिर आकडा) नसतो. तो हरवलेला नाही, या पद्धतीत तो काढलाच जात नाही. त्यामुळे ‘लारीवर पाणी पिणाऱ्याला टायफॉइड होण्याची शक्यता इतके टक्के’ असं वाक्य यातून निघत नाही. होस्मर-लेमेशो चाचणीही (मॉडेल डेटाला किती बसतं ते बघणारी) इथे लागू नाही. गाइडने मागितली तर हेच कारण सांगा. चार प्रकारच्या पाण्याच्या तीन वेगळ्या पी व्हॅल्यूंपेक्षा तिघांची एकत्र लाइकलिहूड रेशो चाचणी करा, कारण संदर्भ कॅटेगरी बदलली की सुट्या पी व्हॅल्यू बदलतात.

टप्पा १०. लिहिणं

पद्धतीच्या भागात चार गोष्टी हव्यात: कशावर आणि किती फरकाने जुळवलं, एका केसला किती कंट्रोल, विश्लेषण कंडिशनल लॉजिस्टिकने, आणि किती जोड्या का गळल्या. निकालात एकूण जोड्यांबरोबर विसंगत जोड्यांची संख्या द्या.

पहिल्या तक्त्यात केस आणि कंट्रोलच्या वयाला पी व्हॅल्यू लावून ‘फरक नाही, म्हणून मॅचिंग यशस्वी’ असं लिहू नका. तुम्हीच जुळवलंय, फरक येणार कुठून? जुळलेली आणि न जुळलेली दोन्ही उत्तरं, २.२७ आणि ३, शेजारी छापायचीही गरज नाही. मुख्य तक्त्यात जोडी राखलेलं उत्तर द्या, आणि टप्पा ७ चा वहीचा कागद स्कॅन करून परिशिष्टात लावा.